सावरीचा फुल साइज फोटो

मित्रांनो, माझ्या भिंगाला बुरशी लागली आहे. त्यामुळे मी सांगतो ते कडेकडेने धूसर वाटलं, तर तो दोष माझा समजा, हकिकतीचा नव्हे. मी जुना कॅमेरा आहे. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत, पत्र्याच्या डब्यात राहतो. शेजारी भाताचं बियाणं आहे. त्याला दरवर्षी बाहेर काढतात.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, आणि तिथेही माझी कुणी आठवण काढत असेल असं वाटत नाही. माझं खरं आयुष्य महाडच्या बाजारपेठेत सुरू झालं. तिथे रामाभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं, साखरपुडा, आणि मार्चमध्ये चवदार तळ्यावर लांबून आलेल्या कुटुंबांचे पायऱ्यांवरचे फोटो, असं आमचं काम. रामाभाऊंचा एक नियम होता. पहिला फोटो फुल साइज. डोक्यापासून पायांपर्यंत माणूस मधोमध, सरळ, पूर्ण आलाच पाहिजे. कारण चेहरा कसाही आला तरी लोक चालवून घेतात, पण पाय कापले गेले की मुलीची मावशी अल्बम परत आणते.

तेव्हा माझं कौतुक व्हायचं. लोक मला भारी म्हणायचे.

एकवीस सालच्या जुलैत सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. रामाभाऊ आणि मी तेव्हा वाडीत एका बारशाला आलो होतो, म्हणून आम्ही दोघे वाचलो. स्टुडिओ वाचला नाही. तालुक्यातली पंधरा वर्षांची लग्नं चिखलाखाली गेली. रामाभाऊंनी तो चिखल आठ दिवस उपसला, मग शटर ओढलं आणि वाडीतल्या घरी येऊन ओटीवर बसले. ते त्यानंतर बोलतच नव्हते असं नाही. ‘हो’ आणि ‘नको’ म्हणायचे. मी खुंटीला होतो. माझ्या पट्ट्यावर कोळ्याने संसार थाटला. त्यांच्या बायकोने, सोनाबाईने, त्याला दोनदा झाडून काढलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं.

दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर बांधून दाराला लावायच्या, ही आमच्याकडची रीत. पुरानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला सोनाबाईने त्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर दोन पोपट उलटे लटकलेले दिसले. एक खात होता, दुसरा निम्मं खाऊन निम्मं उंबऱ्यावर सांडत होता.

“अवो,” सोनाबाई दबक्या आवाजात म्हणाली, “देवाचं खातायत बघा. फोटो तरी काढा. कोन इस्वास ठेवायचा नाय.”

रामाभाऊ उठले. कोळ्याला पुसून मला डोळ्याला लावलं. फोटो हलला. त्यांनी दुसरा काढला. मग तोंडातल्या तोंडात म्हणाले, “जरा सरळ बसा की.”

सव्वा वर्षात पहिल्यांदा ते कुणाशी तरी स्वतःहून बोलले होते. सोनाबाई चुलीकडे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पुढच्या आठवड्यात तिने दाराला लोंब्यांची आणखी चार तोरणं बांधली. रीत एकाच तोरणाची आहे. विचारायला कुणी आलं नाही. वाडीत बावीस घरं आहेत, त्यांतल्या तेरांना कुलूप असतं. कुलपांच्या किल्ल्या मुंबईत असतात आणि त्या गणपतीला आणि शिमग्याला येतात.

पोपट रोज येऊ लागले. ओटीसमोरच्या परड्यात पेरू होता, मिरच्या होत्या, आणि कडेला एक उंच सावर होती. निसर्ग चक्रीवादळात तिची वरची एक फांदी मोडली होती, तिथे ढोली झाली होती. माघात सावर लाल फुलली तेव्हा जोडप्याने ती ढोली घेतली. रामाभाऊ रोज सकाळी ओटीवर मला तिपाईवर ठेवून बसायचे. फेब्रुवारीच्या मध्यावर ढोलीतून किचकिच ऐकू आली, आणि आठवड्याने एक टक्कल पडलेलं डोकं बाहेर आलं. पिल्लं तीन होती. रामाभाऊंनी सोनाबाईला हाक मारून दाखवलं आणि सांगितलं, “पाच आठवड्यांत उडतील.” मग पोपटांविषयी अर्धा तास बोलले. तिला त्यातलं फारसं कळलं नसावं, पण तिने मध्ये एकदाही चुलीकडे पाहिलं नाही.

इथे आमच्याकडून चूक झाली, मित्रांनो. आमच्याकडून म्हणतो, कारण फोटो मीच काढला होता.

वाडीचं मुंबईत मंडळ आहे आणि मंडळाचा फोनवर ग्रुप आहे. गाव अजून जिवंत आहे हे मुंबईला कळावं, म्हणून रामाभाऊंनी त्यावर एक फोटो टाकला. सवयीप्रमाणे फुल साइज. सावर मुळापासून शेंड्यापर्यंत, मधोमध, सरळ, लालभडक. वर ढोलीत पोपटाचं डोकं होतं, साधारण तिळाएवढं.

मुंबईने पोपट पाहिला नाही. मुंबईने बुंधा पाहिला.

शिमग्याला गावच्या होळीसाठी दरसाल एक झाड निवडतात. झाड उंच आणि सरळ हवं, आणि ज्याच्या परड्यातलं निघेल त्याचा तो मान. नको म्हणायची पद्धत नाही. संध्याकाळपर्यंत मंडळाचे सेक्रेटरी प्रितम यांनी जाहीर केलं: ‘यंदाची मानाची होळी रामाकाकांच्या परड्यातली.’ खाली त्रेचाळीस जणांनी हात जोडले.

रामाभाऊ मला गळ्यात घालून मालोजींकडे गेले. मालोजी गावचे मानकरी, पहिली कुऱ्हाड त्यांची.

“मालोजीदादा, पिल्लं हायत तिच्यात. शिमगा बारा दिवसांवर आला, पिल्लांना पाच आठवडे पायजेत. यंदा माझा आंबा न्या.”

मालोजींनी माझ्या मागच्या काचेत पाहिलं. रामाभाऊंनी एकेका दिवसाचा फोटो दाखवला, तारखेसकट. “गोजिरी हायत,” मालोजी म्हणाले. मग फुल साइजवर आले आणि थांबले. “पन बुंधा बघ, रामा. असा सरळ बुंधा बापाच्या वक्ताला बघितला होता. आनि तुजा आंबा वाकडा हाय.”

“वाकडा असला तरी जळतो.”

“जळंल रे. पन मुंबईनं बॅनर छापलाय.”

संध्याकाळी सोनाबाई एकटी जाऊन आली. तिला मालोजी म्हणाले, “सोना, होळी पुनवेला लागते गो. पुनव काय माझ्या हातात हाय?”

बॅनर खरंच आला. वाडीच्या तोंडाशी लागला. फोटो माझाच होता आणि खाली रामाभाऊंचं नावही लिहिलं होतं. ढोली मात्र दिसत नव्हती. तिच्यावर पदाधिकाऱ्यांचे गोल फोटो होते.

शिमग्याच्या सकाळी ढोल घेऊन माणसं परड्यात आली. सावरीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. प्रितम रामाभाऊंजवळ आले. माणूस वाईट नव्हता, वाकून नमस्कारही केला.

“काका, टेन्शन नका घेऊ. कटिंग आरामात करू.”

“पिल्लं खाली पडतील, प्रितम.”

“फोटो तर आहेत ना तुमच्याकडे.”



झाड आरामात कापलं आणि वेगाने पडलं. ढोल वाजत होते, त्यामुळे बाकीचं काही ऐकू आलं नाही. दोन पिल्लं ढोलीच्या तोंडाशी मेलेली होती. तिसरं सोनाबाईने पदरात घेतलं. माणसं आडव्या बुंध्यावर ओळीने उभी राहिली आणि प्रितम म्हणाले, “काका, एक फुल साइज घ्या ना. सगळे पायांसकट.”

रामाभाऊंनी मला डोळ्याला लावलं. या वेळी फोटो अजिबात हलला नाही. कुणाचे पाय कापले गेले नाहीत.

तिसऱ्या पिल्लाला सोनाबाईने भिजवलेला भात बोटाने भरवला. त्याने तो तीन दिवस खाल्ला. चौथ्या सकाळी त्याने मान उचलली नाही. ते चार दिवस जोडपं परड्यावर येत होतं. यायचं आणि हवेत एका ठरावीक उंचीवर पंख फडफडवत थांबायचं. तिथे बसायला काही नव्हतं. दमलं की पेरूवर टेकायचं आणि पुन्हा त्याच उंचीवर जायचं. पेरूंना त्यांनी चोच लावली नाही.

चौथ्या दिवशी रामाभाऊंनी त्या जोडप्याचा फोटो घेतला. फुल साइज. खाली खुंट, वर मोकळं आभाळ, आणि आभाळात जिथे ढोली होती तिथे दोन पोपट. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात स्वच्छ फोटो आहे. त्यांनी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही.

तासाभराने प्रितम यांचं उत्तर आलं: ‘काका, यात झाड नाही आलं.’

रामाभाऊंनी माझी बॅटरी काढली. मला डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि ओटीवर जाऊन बसले. आता ते ‘हो’ आणि ‘नको’ म्हणतात. ‘हो’ हल्ली कमी झालं आहे, असं मला डब्यातून वाटतं.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तूने आपली काळजी घ्या म्हणून विनवायचं असतं. माझ्यासाठी काही नको. बुरशी पसरते आहे, पसरू दे. पण तुम्हाला कधी एखादं घरटं दिसलं, तर लांबून बघा, पोटभर बघा, आणि घरी जाऊन गप्प बसा. फार आनंद झाला असेल तर एकाच माणसाला सांगा. ते माणूस चुलीजवळचं असावं.

गेल्या दसऱ्याला सोनाबाईने दाराला पाच तोरणं लावली. बियाणं काढायला तिने डबा उघडला, तेव्हा पेरणी तोंडावर आली होती. उघड्या झाकणातून मला दार दिसलं. लोंब्या वाळून करड्या झाल्या होत्या. एकही दाणा कमी झाला नव्हता.