हिरव्या दिव्यामागची बॅटरी

मी एक जुनी, काळी, विटेएवढी बॅटरी आहे. मित्रांनो, रत्नागिरीत हरिहरभाऊंच्या घरी अलार्मच्या पेटीत मी पाच वर्षं राहिले.

भाऊ निवृत्त शिक्षक, एकटेच राहत. मुलगी ऋजुता दापोलीला नोकरीला. वडील कुठे पडले, तर गळ्यातलं बटण दाबताच भोंगा वाजावा, म्हणून तिने अलार्म बसवून घेतला. लाइट गेली की तो भोंगा माझ्या जिवावर.

मला निवडताना अलार्म बसवणारा विनोद मिस्त्री म्हणाला होता, "ताई, मोठीच घ्या. दिवसभर लाइट गेली तरी दम धरेल. पण तीन वर्षांनी बदला हां!"

पूर्ण एक दिवस चार्ज करून त्याने मला पेटीत बसवलं. एका वादळात दोन दिवस लाइट नव्हती. मी तग धरला. भाऊंनी पेटीवर थाप मारली, "शाबास गो!" त्या थापेवर मी किती वर्षं जगले!

पेटी पश्चिमेच्या भिंतीवर होती; चौथ्या वर्षी तिथल्या उन्हाने मी आतून सुकले. चार्ज मात्र झटकन पुरा दिसे आणि पेटीवरचा हिरवा दिवा लागे. बॅटरी बदला, म्हणून विनोदचे ऋजुताला दोनदा फोन आले. ती वडिलांना विचारी, "हिरवा दिवा आहे ना?"

"आहे गो."

"मग चाललंय."

दिवा खोटं सांगत होता, आणि मी गप्प होते.

पाचव्या वर्षी जुलैतल्या एका सोमवारी सकाळी लाइट गेली. भाऊ न्हाणीघरात घसरले. त्यांनी बटण दाबलं. भोंगा एकदा कण्हला आणि बंद पडला. त्यांनी अकरा वेळा दाबलं. मी प्रत्येक वेळी जोर केला. काही उरलंच नव्हतं.

दुपारी कामाला आनंदीबाई आल्या. "अवो भाऊ, काय झाला ह्या?" त्या ओरडल्या. भाऊंचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

विनोदने मला मीटर लावला. "भोंगा नसताना पुरे तेरा व्होल्ट दाखवते. भोंगा जोडला की नऊ. कधीच संपलीय."

ऋजुता पायरीवर बसली. "तुम्ही दोनदा सांगितलंत. मीच टाळलं."

भाऊंनी कुणालाच दोष दिला नाही. ते मला जास्त लागलं.

भाऊ आता काठीने चालतात. दर महिन्याला ऋजुता येते, मेन स्विच बंद करते आणि नव्या बॅटरीवर भोंगा वाजवून बघते. आळी कान झाकते, भाऊ हसतात. हे सगळं विनोदनेच दुकानात कुणाला तरी सांगितलं. तिथल्याच भंगाराच्या ढिगातून मी ऐकलं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या बॅटरीलाही महिन्यातून एकदा बोलायला लावा. आपण संपलोय, हे आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही.