तोटी तुटलेल्या ब्युरेटची पूजा

मी एक जुनी ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणा असलेली काचेची लांब नळी आहे. वसईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सत्त्याण्णव साली माझी तोटी तुटली आणि माझी बदली भंगाराच्या खोक्यात झाली. मित्रांनो, काचेला पेन्शन नसते.

तिथून मला पापडी गावच्या रोझलिन मिसनी उचलले. त्यांना पीएच.डी.साठी तापलेल्या नळीतून नायट्रोजन सोडायचा होता आणि मिनिटाला तो किती जातो ते मोजायचे होते. त्यांनी माझ्या खालच्या तोंडाला दोन फाटे जोडले. एकातून गॅस, दुसऱ्याला साबणाच्या पाण्याने भरलेला रबरी फुगा. फुगा दाबला की साबणाचा पातळ पडदा माझ्या पोटातून वर चढे. पन्नासाच्या खुणेपासून शून्यापर्यंत त्याला किती वेळ लागतो ते पाहायचे, झाले मोजमाप!

विभागप्रमुख चंद्रहास सरांना हे बघवेना. "मिस, हा रिसर्च आहे की भांडी घासणं?" त्यांनी परदेशी फ्लोमीटर मागवला. उभ्या नळीत एक लहानसा गोटा; गॅस वाढला की तो वर जाई. मी पुन्हा खोक्यात.

खंडेनवमीला सरांनी सगळ्या उपकरणांची पूजा केली. फ्लोमीटर धुण्यासाठी उघडून आडवा ठेवला होता. सरांनी मनोभावे त्याच्या तोंडातही कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या. माझ्याकडे कोणी फिरकलेसुद्धा नाही.

पुढच्या सोमवारी मिसचे गाइड मुंबईहून रीडिंग पाहायला येणार होते. रीडिंग पटले नाही तर मिसचे वर्ष वाया.

सकाळीच सर फ्लोमीटरसमोर उभे. "बघा! तिसावर एकदम स्थिर. जरा म्हणून हलत नाही!"

"सर," मिस म्हणाल्या, "मी अजून सिलिंडर उघडलेला नाही."

सरांनी सिलिंडरकडे पाहिले, मग गोट्याकडे. "मग हा उभा कशावर आहे?"

"तुमच्या श्रद्धेवर, सर. खाली तांदूळ चिकटलेत."

तेवढ्यात फाटकाशी गाइडची रिक्षा थांबली.

"अहो, ती तुटकी ब्युरेट कुठाय?" म्हणत सर स्वतः खोक्यात कोपरापर्यंत शिरले. कॅन्टीनमधून भांड्यांचा साबण त्यांनीच धावत आणला, फेसही त्यांनीच कालवला. पडद्यामागून पडदा चढला, वेळ प्रत्येक वेळी तीच आली. गाइडनी मान डोलावली. मिसनी माझ्यावरचा फेस पदराने पुसला.

पुढच्या खंडेनवमीला सर ताट घेऊन थेट माझ्याकडे वळले. मिसनी धावत येऊन माझ्या तोंडात बूच बसवले. "हं, आता करा, सर."

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, त्यांना जपा. अगदी देवासारखे जपलेत तरी माझी हरकत नाही. फक्त आधी बूच लावा.