टेलरबाईंचा वरचा सूर

आपला गळा पन्नाशीनंतर पुन्हा वयात आला, असं टेलरबाई मशीनवर कपडे शिवता शिवता स्वतःच सांगायच्या.

दोन वर्षांपूर्वी मात्र अवस्था बिकट होती. रविवारच्या उपासनेत त्या वीस वर्षं जे स्तुतिगीत म्हणत आल्या होत्या, त्याच्या शेवटच्या कडव्यातला एक सूर इतका उंचावर होता की तिथं पोचताना त्यांचा चेहरा दाढ काढून घेणाऱ्या माणसासारखा व्हायचा. आवाज चिरकायचा. मंडळी डोळे मिटून घ्यायची, आणि ते काही प्रार्थनेसाठी नसायचं.

मग बाईंनी कंबर कसली. पहाटे कोमट पाणी, अर्धा तास ओठ मिटून गुणगुणणं, तळलेलं बंद, थंडगार काही वर्ज्य, आणि शनिवारी दुपारपासून रविवार सकाळपर्यंत कडक मौन. त्यामुळे शनिवार हा यजमानांचा आवडता वार झाला, तो भाग वेगळा. पण महिन्याभरात सूर आला. नुसता आला नाही, पाय पसरून बसला.

"प्रभूची कृपा," बाई म्हणायच्या, आणि कोमट पाण्याचा घोट घेऊन पुढे जोडायच्या, "आणि थोडी शिस्त."

एवढ्यावर थांबत्या तर गोष्टच घडली नसती. पण आवाज कसा जपावा यावर नव्या गायकांना चार शब्द सांगा, असं पाळकसाहेबांनी सुचवलं. बाईंनी शनिवारी सकाळी चारशे सांगितले, वहीत लिहून आणलेले. बँकेतला कॅशियर, दोघी नर्स आणि चष्म्याचा दुकानदार पोटात श्वास भरून मुकाट बसले होते.

"आता ऐका," शेवटी बाई म्हणाल्या. "नियम पाळले की काय होतं ते."

कीबोर्ड एरवी त्यांची धाकटी नणंद वाजवायची. तिला सगळे चिमणी म्हणत, जरी दारातून आत येताना तिला जरा तिरपं व्हावं लागे. त्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडे अडकली, म्हणून कीबोर्डवर पाळकांची सून बसली.

पहिली ओळ बाईंना जरा चढीच वाटली. तिसऱ्या ओळीला मानेच्या शिरा वर आल्या. मग तो सूर लावला, आणि जे बाहेर पडलं ते ऐकून कॅशियरने कुणाची खुर्ची सरकली म्हणून खाली बघितलं.

"अगंबाई, माझीच चूक, काकू," सून सहज म्हणाली. "उणे तीन करायचं राहिलं."

"कसलं उणे तीन?"

"हे बटण. तीनदा दाबलं की गाणं तीन पट्ट्या खाली येतं. बोटं असतात तिथंच. बंद करून चालू केलं की पुन्हा शून्य होतं. चिमणीआत्या तुमच्या गाण्याला नेहमी..." नर्सचे चेहरे दिसले आणि सुनेने जीभ चावली.

"कधीपासून?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून तरी. दोन वर्षं."

बाईंनी वही मिटली. चष्मेवाला अजून श्वास धरून बसला होता. सोडा म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी त्या नणंदेच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. मौन गेलं खड्ड्यात.

"दोन वर्षं मला वेड्यात काढलंस, चिमणे."

"अर्धं तोंड बधिर आहे, वहिनी. भांडायचं तर उद्या ये."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"मंडळीत दोनशे माणसं. एकशे नव्व्याण्णवांना."

"मग मला सांगायचं."

चिमणीने गाल चोळला. "पाळकबाईंचा काळा कोट तू दरवर्षी दोन बोटं सैल करतेस. त्यांना सांगतेस?"

"ते वेगळं. त्यांना वाईट वाटेल."

चिमणीने चहाचा घोट घेतला, तो बधिर ओठावरून हनुवटीवर आला, आणि बाईंनी न विचारता रुमालाने पुसला. भांडण तेवढ्यापुरतं थांबलं.

"उद्या शून्यावर ठेव," बाई दारातून म्हणाल्या. "वीस वर्षं गायले तशीच गाईन. नाही जमलं तर ते गीत इथून पुढे कॅशियरचं."

रविवारी शून्यावरच सुरू झालं. पहिलं कडवं बाईंनी निभावलं, आणि बरं निभावलं. तरी हॉल रिकामा वाटत होता. गेली दोन वर्षं भिंतींपर्यंत भरून राहायचं ते आपल्याच गळ्यातून येतं, अशी त्यांची समजूत होती. आज त्यांनी नीट पाहिलं. तिसऱ्या बाकावरचा सुतार एरवी रंधा मारल्यासारखा गायचा, तो एवढी चढी पट्टी न झेपून गीतांचं पुस्तक मिटून बसला होता. पाळकबाई कोटात ऐसपैस बसून नुसते ओठ हलवत होत्या. सगळे कौतुकाने ऐकत होते, आणि त्या वरच्या सुराची वाट बघत होते. निकालाची बघावी तशी.

दोन कडव्यांच्या मध्ये नुसता कीबोर्ड वाजतो, तेवढ्यात बाईंनी हात पाठीमागे नेला आणि तीन बोटं दाखवली.

चिमणीने भुवया उंचावल्या. बटण तीनदा दाबलं.

दुसऱ्या कडव्याला सुताराचं पुस्तक उघडलं. मग नर्स, मग मागचे बाक, मग सगळाच हॉल. शेवटच्या कडव्यात तो सूर आला तेव्हा त्यात बाईंचा वाटा किती आणि मंडळीचा किती, हे त्यांनाही कळेना. आणि गंमत म्हणजे, विचारावंसंही वाटेना.

फक्त सुतार त्या सुराला मान वर ताणत होता, माळ्यावरचा डबा काढताना ताणावी तशी. बाईंची मापं घेणारी नजर तिथंच अडकली.

उपासना सुटल्यावर त्या कीबोर्डशी गेल्या. चिमणी वायर गुंडाळत होती. काय ऐकावं लागतंय म्हणून तिने आधीच खांदे आवळून घेतले.

"पुढच्या रविवारी उणे चार कर," बाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "सुताराला गळ्यात घट्ट होतंय. आणि त्याला सांगू नकोस."