टिकली लावलेला कप्पा

मी टेबलावरचा हृदयाचा नमुना बोलतोय. प्लास्टिकचा आहे, धडधडत नाही. पण कोल्हापुरात अक्षता मॅडमच्या दवाखान्यात बसून इतकी घाबरलेली माणसं बघितलीत, की कधीकधी आपलीच धडधड ऐकू येते असं वाटतं.

कुठल्याशा कारखान्यात साच्यातून निघालो. औषध कंपनीच्या माणसानं मला मॅडमना भेट दिलं. मी मधोमध उघडतो, आत चार कप्पे. बिजागरी आता सैल झालीय, कारण येणारं प्रत्येक लेकरू मला डब्यासारखं उघडतं-झाकतं.

दसरा होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा गारगोटीची पूर्णिमा आली. वय एकोणतीस. कडेवर दोन वर्षांची मोना, मागं नवरा कृष्णात आणि सासू बायडाबाई. पूर्णिमाचे ठोके उन्हाळ्यापासून वेडेवाकडे पडत होते. औषधांनी जमेना, म्हणून नळीचा उपचार ठरला होता. तारीख परवाची.

मॅडमनी मला उघडलं. "जांघेतल्या शिरेतून बारीक नळी इथं, डाव्या वरच्या कप्प्यात न्यायची. या चार शिरांच्या तोंडातून चुकीचे ठोके उठतात. तोंडांभोवती व्रणाचं कडं केलं, की ते आत येत नाहीत. एक पद्धत उष्णतेची, ठिपक्याला ठिपका लावत जायचं."

"म्हशीला देत्यात तसला डाग व्हय?" बायडाबाई उठल्याच. "माझ्या सुनंला?"

"आई, बस की खाली!" कृष्णात म्हणाला.

मॅडम हसल्या. "दुसरी, बर्फासारख्या गार फुग्याची. एका दमात कडं होतं, वेळ कमी लागतो. तिसरी पद्धत विजेच्या झटक्यांची. शेजारच्या अन्ननलिकेला धोका कमी, पण नवी आहे, महाग आहे. दहा वर्षांनी काय, ते अजून बघायचंय."

"मग भारी कुठली?" कृष्णातनं विचारलं. तो दूध संघात दूध थंड करायच्या विभागात कामाला.

"हिच्यासाठी गुण जवळजवळ सारखाच. शिरा सरळ आहेत, मी फुगा घेईन."

"गार करायचं काम व्हय? मग बिनघोर!"

पूर्णिमा माझ्या आत निरखून बघत होती. तेवढ्यात मोनानं माझ्या त्याच कप्प्याच्या कोपऱ्यातल्या इवल्या पिशवीत बोट घातलं.

"हे काय हो मॅडम?" पूर्णिमानं विचारलं.

"इथं रक्त साचून गुठळी होते. नळी फिरताना ती सुटली, तर थेट मेंदूत. म्हणून तर रक्त पातळ करायची गोळी दिली. एकही चुकली नाही ना?"

"छ्या! लई नेमाची हाय ती," बायडाबाईच बोलल्या. "बरं वाटावं म्हणून नवरात्राचं नऊ दिस कडक उपास केला की."

पूर्णिमाचा हात माझ्यावर होता. तिनं सासूकडं बघितलं, मग मोनाकडं.

"मॅडम, चुकल्या. नऊ. चिठ्ठीवर 'जेवणानंतर' लिहिलंय. उपासात जेवणच न्हवतं, मग घेतली न्हाय."

बायडाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बया! आणि उपास कर म्हणून मीच मागं लागलेली."

मॅडम रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. उपासाचं मीच विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी अन्ननलिकेतून नळी घालून हृदयाची तपासणी झाली. तिच्या त्याच पिशवीत मसुरीएवढी गुठळी दिसली. उपचार पुढं गेला. दोन महिने बायडाबाईंनी रोज भाकरी वाढून, समोर बसून गोळी गिळायला लावली. पुन्हा बघितलं तेव्हा पिशवी मोकळी होती. मगच गार फुग्यानं काम झालं.

उन्हाळा लागता लागता ती पुन्हा आली. ठोके सरळ. या खेपेला मोना चालत आली. निघताना पूर्णिमानं कपाळावरची लाल टिकली काढून माझ्या त्या पिशवीवर चिकटवली. "ह्यानंच माझं तोंड उघडलं," म्हणाली.

माझे उपकार कसले? बोट लेकराचं, धीर तिचा. मी नुसता उघडा पडलो होतो. तरी त्या टिकलीनं माझ्या प्लास्टिकच्या जगण्याचं सोनं केलं.

मॅडमनी ती काढलेली नाही. बिजागरी आज ना उद्या तुटेल, तोवर लेकरांनो, मला उघडत राहा. येणारा प्रत्येक जण विचारतो, "इथं टिकली कशाला?" मग मॅडम पूर्णिमाच्या नऊ गोळ्यांची गोष्ट सांगतात, आणि समोरचं माणूस खुर्ची पुढं ओढून म्हणतं, "मॅडम, माझं पण एक सांगायचं राहिलंय."