रिकामं खोकं पुण्याला

मी विनीता, महाडला शाळेत शिकवते, आणि माझं डोकं लवकर तापतं हे आधीच सांगते. पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या अकरा बायकांना मीच बोलून बसले होते, "तुमचे कडवे वाल इंटरनेटवर विकून दाखवते!" नाही विकले, तर त्यांना तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

साल २००८. सायबर कॅफेत बसून एका वेबसाइटवर दुकान थाटलं. पहिलीच ऑर्डर पुण्याच्या देवव्रत नावाच्या गृहस्थांची, दोन किलोंची. वाडीतल्या धोंडूबाईंनी वाल निवडून आणले, मी ते सकाळच्या पुणे यष्टीच्या ड्रायव्हरकडे दिले, आणि संध्याकाळी देवव्रतांचा फोन, "मिळाले हो! भिजतसुद्धा घातले."

पण कसलं काय! वेबसाइट म्हणे, माल निघालेलाच नाही. शुक्रवारपर्यंत कुरियरचा पावती नंबर टाका, नाहीतर दुकान बंद. मी वेबसाइटच्या कंपनीला फोन लावला.

"अहो, त्यांनी वाल खाल्लेसुद्धा!"

"मॅडम, सिस्टिममध्ये दिसत नाहीत."

"त्यांच्या पोटात आहेत, सिस्टिममध्ये कसे दिसतील?"

"नंबर टाका, मॅडम."

अस्सा संताप आला! म्हटलं, घ्या तुमचा नंबर. माझी शाळा होती, म्हणून धोंडूबाईंना सांगितलं, एक रिकामं खोकं चिकटपट्टी लावून कुरियरवाल्याकडे द्या. नंबर आला, मी टाकला, आणि वेबसाइट एकदम खूश. खोकं महाडहून मुंबईला गेलं, तिथून नागपूरला कशाला गेलं देव जाणे, आणि सातव्या दिवशी पुण्यात पोहोचलं. मी रोज कॅफेत जाऊन बघायचे. "माल सुस्थितीत", असं लिहून यायचं. रिकाम्या खोक्याला होणार तरी काय होतं?

त्याच दिवशी धोंडूबाई बाजारात भेटल्या. "काय गो ताय, सुकट आवडली का त्यांना?"

"कुठली सुकट?"

"खोक्यात घातलेली. शेजारणीचा डबाबी आमी रिकामा परत देत नाय, मग पुन्याला रिकामं खोकं कसं धाडू? मूठभर तर होती."

मी कपाळाला हात लावला. ऑर्डरीखालीच लिहिलेलं होतं, "आम्ही शुद्ध शाकाहारी, धान्य स्वच्छ जागी भरावे." आणि आता वाळवलेल्या जवळ्याची सुकट, सात दिवस फिरून फिरून घमघमणारी, त्यांच्या दारात! पहिल्या गिऱ्हाइकाने पाचपैकी एकच तारा दिला, की कंपनी दुकान काढून टाकायची. मग अकरा बायकांना मी काय सांगणार होते?

संध्याकाळी पुण्याचा फोन आलाच. मी हॅलोच्या आधी माफी मागायला लागले.

"अहो, थांबा," देवव्रत म्हणाले. "पाच तारे दिलेत तुम्हाला."

मला रडूच फुटलं. "वाल इतके आवडले?"

"वालांना चार." त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "पाचवा सुकटीचा. हळू बोला, ही स्वयंपाकघरात आहे."