मागच्या दाराचं कुलूप

त्रेसष्ट साल. माझ्या धाकट्याला तेव्हा दात येत होते, म्हणून पक्कं लक्षात आहे. थोरले दीर बर्फाचा कारखाना चालवत आणि माझे यजमान तिथे यंत्रावर होते. त्यांच्या सदऱ्याला कायम अमोनियाचा वास असायचा. आजही कुठे तो वास आला की मी वळून बघते.

मागच्या दाराने बर्फाच्या लाद्या चोरीला जायच्या. सापडला तो रेडिओ, आमचा हमाल. तोंड कधी बंद नसे म्हणून ते नाव. भाऊजींनी त्याला काढून टाकलं आणि काम चालू असताना मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालू लागले. किल्ली त्यांच्या खिशात.

एका दुपारी दोघे भाऊ जेवायला बसलेले, मी वाढत होते. दारात रेडिओ.

"मालक, मला कामावर घेऊ नका, पण कुलूप काढा. आतून कडी घाला. वायू सुटला तर पुढची वाट यंत्रावरूनच जाते. माणसं पळणार कुठून?"

"आता कुलपाचं ज्ञान तुझ्याकडून घ्यायचं?"

"मग कोणाकडून घेणार? कुलपांशी माझाच जास्त संबंध आलाय."

मला हसू आलं. यजमान हसले नाहीत. "दादा, म्हणतोय ते खरं आहे."

"लाद्या त्याला आतलेच देत होते ना? कडी म्हणजे पुन्हा त्यांच्याच हातात दार. तू जेव."

यजमान जेवले आणि यंत्रावर परत गेले.

पुढच्याच महिन्यात भाऊजी घरी जेवत असताना कारखान्यात अमोनियाची नळी फुटली. ते उष्ट्या हाताने धावले. पोचेपर्यंत कारखान्यासमोर हातगाड्यांपाशी बसलेल्या रेडिओने पहारीने कुलूप तोडलं होतं. दाराला टेकून यजमान पडले होते, संपलेले. रेडिओने आत शिरून आणखी दोघांना जिवंत ओढून काढलं. यजमानांची बोटं दारावर घासून सोलली होती. ती मीच पुसली.

वाचलेले ते दोघे गाव सोडून गेले. माझा धाकटा शिकला, पण यंत्राच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. कारखाना पुढे बरीच वर्षं चालला, मागच्या दाराला आतली कडी घालून. त्या वायूने रेडिओचा घसा जळला, आवाज गेला तो गेलाच. भाऊजींनी त्याला राखणदार ठेवलं. तो काही पुटपुटला की भाऊजी हातातलं काम टाकून वाकायचे, कान त्याच्या तोंडाशी न्यायचे आणि म्हणायचे, "परत सांग."

एकदा मी विचारलं, काय म्हणाला?

"चहात साखर कमी आहे म्हणतो," भाऊजी म्हणाले आणि साखर आणायला स्वतः उठले.