संत लुसियाचे आसू

केडगावपुढच्या वाडीतल्या चर्चमध्ये त्या डिसेंबरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लाकडाची संत लुसिया रडत होती! उजव्या डोळ्याखालून पिवळसर थेंब ओघळायचा, गालावर थबकायचा, आणि वर त्याला सुगंध! लुसिया म्हणजे डोळ्यांची राखण करणारी संत. तेव्हा डोळे आलेले, मोतीबिंदूवाले आणि नुसते बघे, सगळेच लोटले. ख्रिस्ती बायका गुडघे टेकत होत्या, शेजारच्या मळ्यातली रंगुबाई ओटी घेऊन आली होती. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं तरी घरात लावायला रॉकेल मिळत नव्हतं, पण मूर्तीभोवती शंभर मेणबत्त्या जळत होत्या. फादर दौऱ्यावर होते. त्यामुळे चमत्काराचा जाणकार एकच उरला होता: मूर्ती कोरणारा योहान मिस्तरी.

आजोबांपासून त्याच्या घरात संत कोरले जात. पण आजवर एकाही संताने मिस्तरीला असा मान मिळवून दिला नव्हता. योहान डोळे मिटून सांगे, "मी निस्ती छिन्नी धरतो. चालवनारा वर हाय. कोरताना माजा हात आपुआप हलत हुता बगा!"

हात हलत होता हे खरंच होतं. त्याला हिवताप भरला होता. पण इतकं बारीकसारीक कोण सांगत बसतं?

"मंग लोक घरी गेले की ती रडायची का थांबती?" कुणीतरी विचारलं.

"भक्तच नसले तर कुनापुढं रडंल?" योहान म्हणाला, आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाला.

त्या सुगंधाची ओळख पटलेला माणूस गर्दीत तोच होता. लढाईमुळे बाजारात वाळलेलं सागवान मिळेना, म्हणून त्याने शिवणीच्या झाडाचा ओंडका घेतला, आणि नेमकी डोळ्याखाली गाठ आली. "तोंडावर गाठ आली तर लाकूड चुलीत घाल," हा आजोबांचा नियम. योहानने लाकूड ठेवलं आणि नियम चुलीत घातला. घरच्या पडवीत गाठ उकरून भोकात मेण, राळ आणि जवसाचं तेल यांचं लुकण भरलं, वर रंग फासला. आता तो मनाला समजावत होता, की देवाने ठरवलं तर लुकणातूनही रडता येतं.

चौथ्या दिवशी लंकाबाई आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, दयाला, घेऊन पुढे आली. पोरीचे दोन्ही डोळे सुजून पू येत होता.

"परवा गाडी जुपली हुती नगरच्या दवाखान्याला," लंकाबाई म्हणाली. "पर मिस्तरी, तुमचं बोलनं ऐकलं आन बैलं माघारी फिरवली. आज नंबर लागला बगा."

योहान तोंड उघडेपर्यंत तिने कापसाने आसू टिपून पोरीच्या डोळ्यांत घातलेही. पोरगी किंचाळली. पापण्या चिकटून बसल्या.

योहानची बायको फिलोमिना पुढे झाली. तिने कापूस हुंगला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "अवं, ह्यो वास आपल्या पडवीतला हाय. तुमी सांगता का मी सांगू?"

खरं सांगावं तर तीन पिढ्यांची अब्रू जाते, गप्प बसावं तर पोरीचे डोळे. हे ठरवायला योहानला जेवढा वेळ लागला, त्याची त्याला जन्मभर लाज वाटत राहिली. मग तो एकेक मेणबत्ती विझवू लागला.

"मिस्तरी, पाप लागंल!" चर्चची राखण करणारा आमोस ओरडला.

"लागू दे. उभा ऱ्हा आन बग."

थोड्या वेळात गालावरचा थेंब घट्ट झाला. योहानने एक मेणबत्ती जवळ धरली, तसा तो पुन्हा ओघळला. मग त्याने पटाशीने रंग खरवडला, लुकण उपसलं आणि भोकात करंगळी घालून दाखवली.

"ह्यो चमत्कार न्हाई, माजा आळस हाय. मेन आन राळ. तुमच्या बत्त्यांनी इतळतं. जेवढी गर्दी, तेवढ्या बत्त्या, तेवढे आसू!"

"म्हंजी आमी चार दिस तुज्या लुकनाला हात जोडले व्हय रं?" रंगुबाई म्हणाली.

"व्हय मावशी. आन मी जोडू दिले."

त्याने स्वतः गाडी हाकली. नगरच्या डॉक्टरांनी पापण्या सोडवल्या, औषध घातलं. डावा डोळा वाचला. उजव्यात फूल पडलं. "परवाच आणली असती, तर दोन्ही वाचले असते," डॉक्टर म्हणाले.

योहान पुढेही संत कोरत राहिला. पण नवी मूर्ती बसवली की तो गावाला समोर उभं करून सांगे, "पाया पडा, प्रार्थना करा, ते तुमचं तुमी बगा. पर ही रडाय लागली, घामेजली, हसाय लागली, तर आदी मला बोलवा आन माजं काय चुकलं ते इचारा. आन डोळा दुकला तर दवाखान्यात जा. त्याच दिवशी जा."